'पुलाजवळ' म्हणजे नेमकं कुठे? सार्वजनिक जागेवरची घाण आणि मोडतोड कळवायची रीत

"तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुलाजवळ प्रचंड कचरा टाकला आहे. लोकांना लाज उरलेली नाही. तातडीने कारवाई करावी."

ही माझीच तक्रार. पाठवल्यावर जरा हलकंही वाटलं होतं. आठ दिवसांनी उत्तर आलं: जागेवर पाहणी केली, कचरा आढळला नाही, तक्रार निकाली. मी तिरीमिरीत तिथे जाऊन पोचले. ढीग जिथल्या तिथे होता. फुटक्या फरशा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि वर एक उसवलेली गादी. मनातल्या मनात त्या खात्याच्या नावाने बोटं मोडत परत निघाले, आणि दीडएक किलोमीटरवर मला आणखी एक पूल लागला. बुटका, कठडे नसलेला, खरं तर मोरीच. पाहणीला आलेला माणूस बहुधा इथे येऊन गेला होता. या पुलाजवळ खरोखरच कचरा नव्हता.

माझी तक्रार पुन्हा वाचली. तीन वाक्यं, त्यातलं एक रागाचं, एक हुकमाचं, आणि उरलेल्या एकात जागेचा पत्ता म्हणून 'पुलाजवळ' एवढंच. तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारते. ही जागा आयुष्यात कधी न पाहिलेला माणूस, मला फोन न लावता, उद्या सकाळी बरोबर या ढिगासमोर येऊन उभा राहील का? तक्रार लिहायची ती त्या माणसासाठी.

पण त्याआधी, तक्रार मुळात होत का नाही हे बघू. भर रस्त्यात ढीग पडलेला असतो, बागेतला बाक मोडलेला असतो, शेकडो माणसं बघून जातात आणि प्रत्येकाला वाटतं, एवढी वर्दळ आहे, कुणीतरी कळवलंच असेल. बिब लटाने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली हेच एका खोलीत करून पाहिलं. लोकांना एक प्रश्नावली भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून बाहेर कळवलं. सोबत दोन माणसं होती आणि ती, आधी ठरल्याप्रमाणे, ढिम्म बसून राहिली, तेव्हा कळवणारे उरले फक्त १० टक्के. धूर तोच, डोळे तेच. बाजूचा हलला नाही म्हणून हाही हलला नाही. पुढच्या वेळी 'कुणीतरी कळवलं असेल' असं मनात आलं की समजावं, आत्ता इथून गेलेले सगळेही हेच म्हणत गेलेत.

दुसरं, वेळ. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात केस केझर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले काही प्रयोग २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. एका बोळात लोक सायकली लावत. संशोधकांनी प्रत्येक सायकलच्या हँडलला एक जाहिरातीचा कागद अडकवला. कागद टाकायला आसपास कचरापेटी नव्हती. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी तो कागद जमिनीवर टाकला. त्याच भिंतीवर रंगाने गिरगटून ठेवल्यावर हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेलं. दुसऱ्या एका प्रयोगात टपालपेटीतून अर्धवट बाहेर आलेलं, आतली पाच युरोची नोट दिसेल असं पाकीट ठेवलं. आसपास सगळं नीट असताना १३ टक्क्यांनी ते लांबवलं. पेटीभोवती कचरा पसरलेला असताना २५ टक्क्यांनी. घाण दिसली की माणसं आणखी बेशिस्त वागतात, या विचारावर वाद पुष्कळ आहेत, विशेषतः त्याच्या आधारे पोलिसांनी बारीकसारीक गोष्टींवरून लोकांना धरावं का, यावर. तो वाद बाजूला ठेवला तरी आपल्या कामापुरतं इतकं पुरतं: पहिली गोणी पडली त्या दिवशी कळवलेलं काम एका माणसाचं असतं. महिन्याने त्यालाच ट्रक लागतो.

आता मुद्द्याचं. तक्रार अडकते ती बहुतेक वेळा हद्दीवर. आपल्याला एकच रस्ता दिसतो. कागदावर डांबर एका खात्याचं, कडेचा चर दुसऱ्याचा, चरापलीकडचं रान तिसऱ्याचं, रानातून गेलेली विजेची वाहिनी चौथ्याची, आणि अधूनमधून एखादा तुकडा कुणा खाजगी मालकाचा, ज्याला स्वतःलाही आपली कड कुठे संपते हे ठाऊक नसतं. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर ऐकून संताप येतो, पण नेहमीच ती टाळाटाळ नसते. दुसऱ्याच्या जमिनीवरचं काही उचलण्याचा किंवा तिथे कुणाला दंड करण्याचा अधिकार त्या माणसाला खरंच नसतो.

म्हणून जागा पाहतानाच मालकाच्या खुणा शोधाव्यात. फाटकावरची पाटी, खांबावर रंगवलेली अक्षरं, हद्दीचा दगड, बाकाच्या पाठीवर ठोकलेला पत्रा. काहीच सापडलं नाही तर तक्रारीत तसं लिहावं आणि जवळच्या दोन संभाव्य खात्यांना एकाच मजकुरात कळवावं, दोघांची नावं त्यात घालून. म्हणजे 'ते बघतील' म्हणायची सोय राहत नाही. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ साली 'फिक्समायस्ट्रीट' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, त्यात हीच अडचण आधी सोडवलेली होती. नागरिकाने नकाशावर टाचणी टोचायची. ती जागा कुठल्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत पडते हे संकेतस्थळ स्वतः शोधून तक्रार तिकडे धाडतं. पुढे आलेल्या कित्येक ॲपचा साचा हाच आहे. अर्थात टाचणी चुकीच्या जागी टोचली तर तक्रारही चुकीच्या दारात जाते.

जागा सांगायची कशी? मोबाइलमधल्या नकाशावर बोट दाबून धरलं की दोन लांबलचक आकडे येतात, अक्षांश आणि रेखांश. त्यातले दशांश चिन्हानंतरचे आकडे छाटायचे नाहीत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांशानंतर तीनच आकडे ठेवले तर चूक शंभरेक मीटरपर्यंत जाऊ शकते, आणि झाडीत शंभर मीटर म्हणजे ढीग न सापडणं. चार आकड्यांनी आपण अकरा मीटरवर येतो, पाच आकड्यांनी जेमतेम एका मीटरवर. मात्र मोबाइललाच आपण कुठे आहोत हे नीट कळलेलं नसेल, दाट झाडीत किंवा उंच भिंतींमध्ये असं होतं, तर पाच आकडे नुसतेच दिसायला भारदस्त. म्हणून आकड्यांच्या जोडीला माणसाची भाषा हवी: "मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळल्यावर दुसरा पूल, लोखंडी कठड्यांचा. पुलावर चढायच्या आधी उजव्या हाताला, रस्त्यापासून साधारण दहा पावलं आत. समोरच्या विजेच्या खांबावर ४७ लिहिलं आहे." खांबाचा क्रमांक ही मला उशिरा सापडलेली चीज. खांब हलत नाही, बदलत नाही, आणि पाहणीला येणाऱ्या माणसाला तो सवयीने दिसतो.

फोटोंचंही तसंच. आपण ढिगाजवळ जाऊन कॅमेरा त्यात खुपसतो आणि येतो तो नुसत्या कचऱ्याचा फोटो, जगात कुठेही काढलेला असू शकेल असा. आधी लांबून एक काढावा, ज्यात पूल, खांब, वळण असं काहीतरी न हलणारं दिसेल. मग संपूर्ण ढिगाचा. मग हवे तेवढे जवळून. भिंतीवर ओरखडा असेल, दगडावर नाव कोरलेलं असेल तर शेजारी पेन किंवा बूट ठेवून काढावा. त्याशिवाय ते अक्षर बोटाएवढं आहे की हाताएवढं, हे बघणाऱ्याला कळत नाही. मोडतोडीच्या बाबतीत, तुटलेला तुकडा आसपास पडलेला असेल तर त्याचाही फोटो काढावा आणि तुकडा तिथेच ठेवावा. आठवण म्हणून उचलणारे असतात, चांगल्या हेतूने 'सांभाळून ठेवणारे' त्याहून जास्त. दुरुस्ती करणाऱ्याला तो तुकडा हवा असतो.

मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात आणखी एक चिठ्ठी असते: कधी काढला, आणि स्थान चालू असेल तर कुठे काढला. तिला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सॲपवरून फोटो साधेपणाने पाठवला की ही चिठ्ठी गळून पडते. स्क्रीनशॉटमध्ये तर ती उतरतच नाही. त्यामुळे मूळ फोटो मोबाइलमध्ये जसाच्या तसा ठेवावा. लाल वर्तुळं, बाण, जे काय काढायचं ते दुसऱ्या प्रतीवर.

या चिठ्ठीत किती ताकद असते याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात, हेड्रियनच्या रोमनकालीन भिंतीलगत, दोन टेकड्यांच्या खळग्यात सिकॅमोरचा एक एकटा वृक्ष होता, त्या देशातल्या सर्वाधिक फोटो निघालेल्या झाडांपैकी एक. सप्टेंबर २०२३ मधल्या एका वादळी रात्री कुणीतरी तो करवतीने आडवा केला. त्या निर्जन जागी रात्री साक्षीदार कुठले? पण कापणाऱ्यांपैकी एकाच्या मोबाइलमध्ये सुमारे दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा अंधारलेला व्हिडिओ सापडला. करवतीचा आवाज, मग झाड कोसळल्याचा. त्या व्हिडिओच्या पोटातले आकडे थेट त्या खळग्याकडे बोट दाखवत होते. २०२५ मध्ये दोघांना प्रत्येकी ४ वर्षं ३ महिन्यांची कैद झाली. त्यांच्यावर झाड पाडण्याचा आरोप होताच, शिवाय पडताना त्या रोमन भिंतीचं जे नुकसान झालं त्याचाही वेगळा आरोप होता.

फोटोत न दिसणारी आणि तक्रारीत हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे 'शेवटचं नीट कधी पाहिलं'. "आज सकाळी सातला दिसलं" एवढ्याने फारसं काही होत नाही. "काल संध्याकाळी सहाला इथून गेले तेव्हा काहीही नव्हतं, आज सकाळी सातला ढीग आहे" असं लिहिलं की शोधायच्या तासांची संख्या एकदम तेरावर येते. जवळपास कॅमेरा असेल तर कुणी तेरा तासांचं चित्रण पाहील, तीन आठवड्यांचं पाहणार नाही. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण काही दिवसांनी नव्याखाली पुसलं जातं. म्हणजे उशिरा आलेली तक्रार, कितीही तपशीलवार असली, तरी वरातीमागून घोडं.

टाकणारा डोळ्यांसमोर दिसला तर? त्याच्याशी हुज्जत घालू नका. ट्रकभर राडारोडा अंधारात रिकामा करणारा माणूस चुकून आलेला नसतो. त्याने पैसे वाचवायचा हिशेब केलेला असतो आणि आपण त्या हिशेबाच्या आड येत असतो. थोडं लांब जाऊन पाहिलेलं टिपून ठेवा. आणि टिपताना पाहिलेलं आणि वाटलेलं यांची सरमिसळ होऊ देऊ नका, हे बोलायला सोपं आणि करायला भलतंच अवघड. "अमक्या ठेकेदाराची माणसं रोज रात्री कचरा टाकतात" यात आपण पाहिलेलं बहुधा काहीच नसतं. "निळा टेम्पो, मागची फळी अर्धी तुटलेली, दोन माणसं गोण्या उतरवत होती, क्रमांकाचे शेवटचे आकडे ६१ नक्की, त्याआधीचा ३ किंवा ८" हे वाक्य उद्या चौकशीत उलटसुलट तपासलं तरी टिकतं. तीन की आठ हे न लपवल्यामुळे ६१ वर विश्वास बसतो. ढिगात कुणाच्या नावाचं बिल किंवा पाकीट वर दिसत असेल तर त्याचा फोटो घ्यावा, पण ते नाव म्हणजे गुन्हेगार असं धरू नये. अनेकदा त्या माणसाने कचरा न्यायला कुणाला तरी पैसे मोजलेले असतात आणि नेणाऱ्याने तो पहिल्या सुनसान वळणावर ओतलेला असतो. त्या बिलावरून चौकशी करत नेणाऱ्यापर्यंत पोचणं हे ज्याचं काम आहे त्याला ते करू द्यावं.

हात लावू नये अशा गोष्टींमध्ये पिंपं, कॅन, न ओळखता येणारी भुकटी, सुया आणि करड्या, तंतू सुटलेल्या पत्र्याचे तुकडे येतात. जुन्या छपरांच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेलेली परत येत नाही. पिंपाचं झाकण उघडून वास घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. पिंपावर काही छापलं असेल तर लांबून फोटो मोठा करून वाचता येतं.

पण मला जास्त धास्ती वाटते ती स्वच्छता करणाऱ्यांची. १९९२ साली फ्रान्समध्ये ब्रुनिकेल गावाजवळच्या मेरिएर गुहेत स्काउटांचा एक गट उत्साहाने गेला. पर्यटकांनी भिंतीवर लिहून ठेवलेली नावं ब्रशने घासून काढायची, असा बेत. नावं निघाली आणि त्यांच्यासोबत हिमयुगातल्या माणसांनी काढलेल्या गव्यांच्या चित्रांचाही बराच भाग निघून गेला. त्याबद्दल त्या संघटनेला त्या वर्षीचं पुरातत्त्वासाठीचं 'इग नोबेल' हे थट्टेचं पारितोषिक मिळालं. पोरांचा हेतू आपल्यासारखाच होता. जुन्या दगडावर, भित्तिचित्रावर, शिलालेखाजवळ कुणी रंग फासलेला दिसला तर पाणी, साबण, थिनर, काहीही न लावता फक्त कळवावं. काय वापरल्यावर रंग निघेल आणि खालचं राहील, हे ठरवणं तज्ज्ञांनासुद्धा वेळखाऊ असतं.

कुठल्या मार्गाने कळवायचं? आग, गळती, किंवा आत्ता डोळ्यांदेखत चाललेली तोडफोड असेल तर आणीबाणीचा क्रमांक, फोन करून. ॲपमधली तक्रार कुणी कधी उघडेल याचा भरवसा नसतो. बाकी सगळं, म्हणजे पडून असलेला कचरा, मोडलेला बाक, वाकवलेली पाटी, साध्या तक्रारीच्या मार्गाने. ही विभागणी क्षुल्लक वाटते, पण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने १९९६ मध्ये ३११ हा वेगळा क्रमांक सुरू केला तो नेमका यासाठीच. तातडीच्या ९११ क्रमांकावर बिनतातडीचे फोन इतके येत की खरी अडचण असलेला रांगेत ताटकळे.

समाजमाध्यमावर फोटो टाकणं म्हणजे तक्रार झाली असं मात्र समजू नये. तिथे टाकलेल्याला ना तक्रार क्रमांक मिळतो, ना मुदत लागते. चेहरा दाखवून कुणाला 'हाच तो' म्हटलं आणि तो नसला तर निस्तरायचं आपल्यालाच असतं. आणि 'बघा, सगळेच इथे घाण करतात' या सुराचा परिणाम अनेकदा उलटा होतो. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या आणि वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून मोजले. 'आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं' असं सांगणाऱ्या पाटीपाशी जवळपास ८ टक्के तुकडे चोरीला गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' एवढंच म्हणणाऱ्या पाटीपाशी २ टक्क्यांहूनही कमी. सगळेच करतात हे कळल्यावर माणसाला लाज वाटण्याऐवजी सोबत मिळते.

तक्रार आत गेल्यावर काय होतं? पहिल्यांदा तिला एक वर्ग चिकटतो, आणि तो बहुधा आपणच यादीतून निवडलेला असतो. 'कचरा' निवडलं तर झाडणारी टोळी येते. फरशांचा ढीग बघून ती परत जाते, कारण तिच्याकडे घमेली आणि ट्रक नसतो. 'राडारोडा' निवडलं असतं तर ट्रकच आला असता. म्हणून ढीग कशाचा, साधारण किती, गाडी तिथवर जाते का, हे एका ओळीत लिहावं. दुसरं, एका तक्रारीत एकच गोष्ट. ढीग, मोडका बाक आणि बंद दिवा असं तिन्ही एकत्र लिहिलं की दिवा लागतो आणि तक्रार 'निकाली' होते. उरलेल्या दोन गोष्टी त्या क्रमांकाखाली गाडल्या जातात. तिसरं, आधी कुणी कळवलं असलं तरी आपण कळवावं. एकाच जागेच्या तक्रारी जोडल्या जातात, पण चार जणांनी चार तारखांना कळवलेलं दिसलं तर प्रश्न जुना आणि वारंवार होणारा आहे हे वरच्याला समजतं. कॅमेरा लावायचा की फाटक, हे तेव्हाच ठरू शकतं.

पोच आणि क्रमांक जपून ठेवावा. न सुटता बंद झालेली तक्रार नव्याने लिहायची नाही. जुना क्रमांक देऊन तीच उघडायला सांगायची, पहिल्याच कोनातून काढलेला आजचा फोटो जोडून. नवी लिहिली की घड्याळ पुन्हा शून्यावर जातं आणि आधीचे आठ दिवस कुणाच्याच खात्यात राहत नाहीत.

माझ्या ढिगाचं असंच झालं. जुना क्रमांक, दोन पुलांमधला फरक, खांब ४७, तीन फोटो. पाचव्या दिवशी उत्तरात फोटो आला, मोकळ्या जमिनीचा, मागे लोखंडी कठडा दिसत होता. मुद्दाम जाऊन पाहिलं. जमिनीवर फरशांची पांढरी भुकटी तेवढी उरली होती. दोन आठवड्यांनी पुन्हा तिथून जाताना त्या भुकटीवर एक गोणी दिसली. एकच, तोंड बांधलेली. गाडी बाजूला घेतली आणि आधी खांब चौकटीत येईल इतकं मागे सरकले.